समासातले प्रश्न

अमेरिकेविषयी माणसाला पडणारे प्रश्न दोन जातींचे असतात. काही तिथं जाण्याआधी पडतात आणि काही तिथं उतरल्यावर अर्ध्या तासात. पहिल्या जातीचे प्रश्न भारदस्त, अग्रलेखात शोभणारे: लोकशाहीचं पुढं काय होणार, डॉलर कुठवर चढणार, महासत्ता आतून थकली आहे का. दुसऱ्या जातीचा पहिला प्रश्न बहुधा विमानतळावरच्या स्वच्छतागृहात भेटतो. दार मजबूत असतं, कडी चकचकीत असते, पण दार जमिनीपासून हातभर वरच संपतं आणि दोन्ही अंगांना बोट जाईल एवढी फट राहते. आत बसलेल्याला बाहेर हात धुणाऱ्याच्या टायचा रंग सांगता येतो. त्या टायवाल्याला काय काय सांगता येत असेल, या विवंचनेत आतला बिचारा इतक्या लांबच्या प्रवासानंतर मिळालेला पहिला एकांत कसाबसा उरकतो. फट कशासाठी, असं तिथल्यांना विचारून पाहावं. कुणी म्हणतं, फरशी धुवायला सोपं जातं. कुणी म्हणतं, आत कुणाला चक्कर आली तर बाहेर कळायला हवं. कुणी म्हणतं, तयार फळ्या ठोकायला स्वस्त पडतात. एका प्रश्नाला तीन उत्तरं आली, तीही थोडं थांबून आली, की ओळखावं: या मंडळींना हे आजवर कुणी विचारलेलंच नाही.

माझ्या मावशीचे यजमान या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांचे मोठे संग्राहक होते. वाईच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा; पण काका तो असा शिकवत, की जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीत कुणाचा तरी जीव अडकला आहे असं वाटावं. निवृत्त झाल्यावर, गेल्या शतकाच्या अगदी शेवटी, मुलानं दोघांना न्यू जर्सीत एडिसनला नेलं. नातवंडांसाठी नेलं असं कुणी म्हणालं नाही, पण पाळणा आधीच येऊन पडला होता. रीतसर कार्डं झाली, मावशी-काका तिथलेच झाले, आणि नागरिकशास्त्राच्या मास्तरांना उतारवयात एक संपूर्ण नवं पाठ्यपुस्तक उघडं मिळालं.

पहिला प्रश्न झेंड्याचा. एका साध्या बुधवारी सकाळी काका फिरायला निघाले, तर ओळीनं पाच घरं आणि त्यांतल्या तिघांच्या दारावर झेंडा. घरी येऊन मुलाला म्हणाले, "आज काय आहे?" मुलगा म्हणाला, काही नाही. "मग झेंडावंदन कशाचं?" काका ज्या देशातून निघाले होते तिथं तोवर साध्या नागरिकाला वाटेल त्या दिवशी घरावर तिरंगा लावायची मुभा नव्हती, ती 2002 सालच्या ध्वजसंहितेनं दिली. त्यांच्या लेखी झेंडा म्हणजे शाळेच्या लोखंडी कपाटात राहणारी, ठरलेल्या तारखांनाच इस्त्री होऊन बाहेर येणारी वस्तू. आदल्या संध्याकाळी शिपाई झेंडूच्या पाकळ्या काढून ठेवायचा, ड्रिलचे मास्तर त्या घडीत भरायचे, आणि सकाळी मुख्याध्यापकांनी दोरी ओढली की गाठ सुटायची नाही. सगळी शाळा सलामीच्या तयारीत हात शिवणीला लावून उभी, वर ते गाठोडं हलतंय, मुख्याध्यापकांच्या टोपीखालून घाम. मग कधीतरी पाकळ्या पडायच्या. झेंडा म्हटलं की काकांच्या पोटात ती धाकधूक व्हायची. अमेरिकेतला झेंडा मात्र अंगणातल्या खुर्चीइतका निवांत.

चार जुलैला शेजाऱ्यांनी अंगणात जेवायला बोलावलं. काकांच्या हातात कागदी ताटली आली, तिच्यावर तेरा पट्टे आणि पन्नास तारे. यजमानीणबाई प्रेमानं बटाट्याचं सॅलड वाढायला आल्या, तर काकांनी ताटली मागं घेतली. नको म्हणणं बरं दिसेना, म्हणून नुसतं भाजलेलं कणीस हातात घेतलं. त्यावरचं लोणी विरघळून मनगटापर्यंत ओघळलं. सुनेनं घाईनं कागदी रुमाल पुढं केला, त्याच्यावरही तारे. काकांनी डाव्या हातानं खिशातला स्वतःचा, वाईहून आणलेला पांढरा रुमाल काढला. ती कोरी ताटली त्यांनी कचऱ्यात टाकू दिली नाही. ती कितीतरी वर्षं त्यांच्या टेबलाच्या खणात होती. गंमत अशी, की काकांचा संकोच अमेरिकन कायद्याला धरूनच होता. 1942 साली काँग्रेसनं संमत केलेल्या ध्वजसंहितेत, वापरून फेकायच्या वस्तूंवर झेंडा छापू नये असं म्हटलं आहे, आणि त्यात कागदी रुमालाचा नाव घेऊन उल्लेख आहे. नियम आहे, पण तो मोडला तर शिक्षा नाही. उलट 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं, निषेध म्हणून झेंडा जाळणं हासुद्धा अभिव्यक्तीचाच भाग, असा निवाडा दिला. काकांनी हे सगळं गावातल्या वाचनालयात बसून शोधून काढलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि पुढच्या चार जुलैला त्यांच्यासाठी एक पांढरी ताटली वेगळी ठेवण्यात आली.

अमेरिकेत जाऊन अमेरिकेला प्रश्न विचारायची रीत तशी जुनी. 1831 साली अलेक्सी द तोकविल हा फ्रेंच तरुण सरकारी कामावर तुरुंगांची पाहणी करायला म्हणून गेला आणि नऊ महिने तुरुंगांबरोबर बाकी सगळ्याचीच चौकशी करत हिंडला. 1842 साली डिकन्स गेला. त्याला लोकशाहीइतकीच तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी नवल करायला लावलं, आणि या एका बाबतीत आपल्याला त्या देशाविषयी मनापासून आपुलकी वाटायला हरकत नाही. आपल्याकडच्यांचा क्रम थोडा उलटा. आनंदीबाई जोशींना निघण्याआधीच लोकांनी इतकं विचारून घेतलं, की 1883च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूरला त्यांना जाहीर सभेत एकेक प्रश्न घेऊन उत्तरं द्यावी लागली. अमेरिकेलाच का? एकटीच का? परत आल्यावर जातीनं वाळीत टाकलं तर? वय अवघं सतरा. त्यांच्या पदवीदानासाठी 1886 साली पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला पोचल्या, दोन-अडीच वर्षं त्या देशात फिरल्या, आणि 1889 साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक निघालं. राज्यकारभार कसा चालतो, घरं कशी असतात, बायका काय शिकतात, सारं वाचकाच्या शेजारी बसून समजावल्यासारखं. काकांनी सामानातून आणलेल्या मोजक्या पुस्तकांत ते होतं. "बाईंनी सगळं विचारलंय," ते म्हणायचे, "फक्त त्या वेळी कागदी ताटल्या नसाव्यात."

मावशीचे प्रश्न कुठल्याच संहितेत सापडण्यासारखे नव्हते. तिनं पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारला आणि तो कितीतरी वर्षं विचारत राहिली: "इथं माणसं कुठं असतात?" दुपारी खिडकीशी उभं राहिलं की समोर रस्ता, कवायतीच्या आदल्या दिवशीच्या मैदानासारखा आखीव आणि रिकामा. एवढी घरं, प्रत्येकापुढं दोन-दोन गाड्या, म्हणजे माणसं असणार हे गणितानं सिद्ध होत होतं. पण दिसत होते ते फक्त टपाल टाकणारे गृहस्थ आणि साडेतीनची पिवळी बस. वाईला दुपारी नुसतं दारात उभं राहिलं तर तीन बायका थांबून 'काय गं, बरं नाही का?' विचारायच्या. इथं बरं नसतं तरी दारात उभं राहून कुणाला कळलं नसतं. मुलगा समजावायचा, अगं, ऑफिसात असतात, घरात असतात, गाडीत असतात. मावशीला हे पटायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची. माणसं तिला शेवटी मिळाली ती ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबिरीच्या ढिगाशी, आणि बागेतल्या एका बाकावर. तिथं सहा महिन्यांच्या मुक्कामावर आलेले आईबाप जमत. राजकोटचे, गुंटूरचे, नागपूरचे. पायांत नातवानं घेऊन दिलेले पांढरे बूट, डोक्यावर माकडटोपी. भाषा अर्धीमुर्धी कळायची, पण प्रश्न सगळ्यांचे तेच असल्यामुळं फारसं अडत नसे. दुकानात किंमत एक लिहितात आणि गल्ल्यावर दुसरी का घेतात? पाणी मागितलं तर बर्फ का देतात? वर्षातून दोनदा घड्याळ कशाला फिरवतात? या शेवटच्या प्रश्नावर कुणाचा तरी मुलगा सांगून गेला, की ॲरिझोना राज्य घड्याळ फिरवत नाही, पण त्याच राज्यातला नवाहो लोकांचा मुलूख फिरवतो, आणि त्या मुलखानं वेढलेले होपी लोक पुन्हा फिरवत नाहीत. बाकावर थोडा वेळ शांतता पसरली. मग गुंटूरचे आजोबा म्हणाले, "गोळ्या कधी घ्यायच्या तिथं?"

बाकीचे ज्या गोष्टीला हसत ती मावशीला कधी कधी अगदी सरळ वाटायची. 2 फेब्रुवारीला टीव्हीवर पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावाचा सोहळा दाखवतात. उंच काळ्या टोप्या घातलेली प्रतिष्ठित मंडळी भल्या पहाटे एका घुशीसारख्या गुबगुबीत जनावराला बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. हे 1887 सालापासून चाललं आहे. नातू हसत होता, सून हसत होती. मावशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे यंदा वाहन उंदीर." आणि खरंच आहे. मृगाचं वाहन बेडूक की मेंढा, आर्द्रा हत्तीवर बसून येतात की गाढवावर, हे कॅलेंडरात पाहून ज्यांचा जन्म गेला, आणि अक्षय तृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी काय म्हणते, ते पेपरात वाचून ज्यांनी पावसाचा आणि सरकारचाही अंदाज बांधला, त्यांनी पंक्सटॉनीला कुठल्या तोंडानं हसायचं? टोप्या तेवढ्या जरा जास्त उंच आहेत, एवढंच.

काकांनी खरी मौज लुटली ती 2000 सालच्या निवडणुकीत. मतदान 7 नोव्हेंबरला, मंगळवारी. ऑफिसला सुट्टी नाही, मुलगा-सून कामाला गेलेली. हे काय मतदान, असं म्हणून काका टीव्हीसमोर बसले ते डिसेंबर उजाडला तरी उठेनात. देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून अधिक मतं जास्त होती, आणि तरी सगळं फ्लोरिडावर येऊन थांबलं होतं. तिथले अधिकारी भोकं पाडलेल्या मतपत्रिका दिव्यासमोर धरून, हिऱ्यातला दोष शोधणाऱ्या जवाहिऱ्यासारखे एक डोळा मिटून पाहत होते, की भोक पूर्ण पडलंय की अर्धवट लोंबतंय. मास्तरकीत निवडणुकीच्या ड्यूट्या केलेल्या काकांचे हात शिवशिवत होते. "मला अन् शिंद्यांच्या गुरुजींना बसवा," ते म्हणत, "दोन रात्रींत मोकळं करतो." अखेर 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं फेरमोजणी थांबवली आणि 537 मतांच्या फरकानं ते राज्य, आणि राज्यामुळं देश, जॉर्ज बुश यांना मिळाला. काकांनी शेजाऱ्याला गाठलं. टपाल खात्यातून निवृत्त झालेला मोठा सज्जन माणूस. जास्त मतं पडलेला हरतो कसा? शेजाऱ्यानं गवत कापायचं यंत्र बंद करून समजावलं: प्रतिनिधीगृहाचे 435, सिनेटचे 100, राजधानीचे 3, मिळून 538 निर्वाचक, 270 ज्याला मिळाले तो जिंकला. काकांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरचं हसू काही लपलं नाही. तेव्हा शेजाऱ्यानं सहज विचारलं, "तुमचे राष्ट्रपती लोकच निवडतात ना?"

नागरिकशास्त्राच्या मास्तरांना खोटं बोलवेना. ते सांगू लागले, की आमदार-खासदार निवडतात, पण प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य वेगळं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, मग हजारानं भागायचं. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत 175चं, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचं 208चं, सिक्कीमच्या आमदाराचं फक्त 7चं. शेजारी बोटांवर काहीतरी मोजत होता. "लोकसंख्या कधीची?" "1971ची." शेजारी बराच वेळ अर्ध्या कापलेल्या गवताकडं बघत राहिला. मग दोघंही आपापल्या घरी गेले. त्या दिवसापासून त्यांची मैत्री फार घट्ट झाली.

इतक्या वर्षांत अमेरिकेनं मात्र काकांना एकही प्रश्न विचारला नव्हता. तो योग नागरिकत्वाच्या अर्जाच्या निमित्तानं आला. तेव्हा सरकारी पुस्तिकेत 100 प्रश्न होते. पासष्टी उलटलेल्या आणि कायमचा वास्तव्य-परवाना मिळून 20 वर्षं झालेल्या माणसाला त्यांतल्या फक्त 20 प्रश्नांची तयारी पुरे. दहा विचारायचे, सहा बरोबर आले की झालं. शिवाय अशा म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीची सक्ती नाही, दुभाषा घेऊन आपल्या भाषेत उत्तर द्यायची मोकळीक. ज्या देशानं अडीचशे वर्षांच्या घरात येईपर्यंत अधिकृत भाषाच ठरवली नव्हती (2025च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं इंग्रजी ती झाली), त्या देशाला हा दिलदारपणा शोभून दिसतो. काकांनी शंभरच्या शंभर प्रश्न पाठ केले. पुस्तिका मी पाहिली आहे. छापलेले प्रश्न म्हणजे एखाद्या घराण्यानं पाहुण्यासमोर मांडलेला तसबिरींचा अल्बम: पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, लिंकननं काय मोठं केलं, झेंड्यावर पन्नास तारे का. आणि शेजारी समासात, शिसपेन्सिलीनं, काकांच्या फळ्यावरच्या अक्षरात, त्या घराण्यानं न मांडलेलं सगळं. झेंड्याच्या प्रश्नाशेजारी: 'रुमालावर का?' दोन प्रमुख पक्षांच्या प्रश्नाशेजारी: 'तिसऱ्याचं काय होतं?' आणि 'राष्ट्राध्यक्षासाठी कोणत्या महिन्यात मतदान करतो?' या प्रश्नापाशी उत्तर छापलेलं, नोव्हेंबर. त्याला बाण काढून: 'पण मंगळवारच का?' खाली मुंगीएवढ्या अक्षरात चार ओळींचं उत्तर. एकदम शेवटच्या पानावर, कुठल्याच प्रश्नाशेजारी नाही असं, मावशीचा प्रश्नही त्यांनी टिपून ठेवला होता. त्याच्याखाली उत्तर नव्हतं.

अर्ज गेला त्याच हिवाळ्यात काका गेले. मुलाखतीला मावशी एकटीच बसली, समोर अधिकारी, शेजारी दुभाषी म्हणून बाकावरच्या ओळखीतली नागपूरची एक बाई. मावशीनं पुस्तिका पर्समध्ये आणली होती, पण ती काढू देत नाहीत हे तिला ठाऊक होतं. राजधानी झाली, प्राप्तिकराची शेवटची तारीख झाली, स्वातंत्र्यदिन झाला. महिन्याचा प्रश्न आला. "नोव्हेंबर," मावशी म्हणाली आणि दुभाषीबाईंनी ते पुन्हा एकदा, जरा इंग्रजी वळणानं, 'नोव्हेंबर' असं सांगितलं. सहा उत्तरं बरोबर आली की सातवा प्रश्न विचारत नाहीत. अधिकाऱ्यानं हसून अभिनंदन केलं आणि कागद गोळा करायला घेतले. एवढी तयारी करून सहातच आटोपलं, याचं मावशीला वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "यांना विचारा, मंगळवारच का असतो?" दुभाषीबाई घुटमळल्या, पण विचारलं. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, आणि कबूल केलं की ठाऊक नाही. मग मावशीनं सांगितलं. 1845चा कायदा. तेव्हा शेतकरी घोडागाडीनं मतदानाला यायचे, एकेक दिवस वाटेत जायचा. रविवारी चर्च, त्यामुळं सोमवारी जेमतेम निघणार; बुधवारी बाजार. राहिला मंगळवार. आणि नोव्हेंबर अशासाठी, की सुगी उरकलेली असते आणि रस्ते अजून बर्फात गेलेले नसतात. दुभाषीबाईंना 'सुगी' इंग्रजीत सांगताना थोडा वेळ लागला. अधिकाऱ्यानं विचारलं, हे तुम्ही कुठं वाचलं? "वाचलं नाही," मावशी म्हणाली, "यांनी सांगितलं होतं."

पुढच्या नोव्हेंबरात की त्याच्या पुढच्या, मावशीनं पहिलं मत दिलं. शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होतं आणि, तिनं फोनवर पहिल्यांदा सांगितलं ते हे, तिथं माणसं होती. रांगच्या रांग. परत येताना स्वेटरवर गोल चिकटपट्टी लावून मिळाली, ती तिनं झोपेपर्यंत काढली नाही. मतपत्रिका मात्र भलती लांब. इथं शेरीफसुद्धा निवडून देतात, शाळेचं मंडळ निवडून देतात, आणि काउंटीचा मुख्य कारकून, तोही मतदानानं. "अरे, कारकून!" मावशी म्हणाली. "तलाठ्याला कुणी मत मागायला लावलं तर गाव सोडून जाईल." मी विचारलं, मग कुणाला दिलंस मत? "ते विचारायचं नसतं," ती लगेच म्हणाली. "गुप्त असतं ते. इतकी वर्षं यांच्याकडून ऐकून एवढं तरी कळायला नको का तुला?" मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "कारकुनाचं सांगते फक्त. दोन नावं होती, दोन्ही अनोळखी. मी खालच्याला दिलं. वरच्याला सगळेच देत असतील."